ढगाच्या तळाशी राबणारे विमान

परभणी जिल्ह्यातून प्रवासी विमानांची नियमित सेवा नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला हा जिल्हा कापूस, ज्वारी, सोयाबीन आणि तुरीचा. त्याचा विमानाशी संबंध तो काय, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु २०१५ आणि २०१९ या वर्षांच्या पावसाळ्यात मराठवाड्यातील असंख्य शेतकऱ्यांनी ढगांकडे पाहताना विमानाचाही कानोसा घेतला होता. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून उडणारे, दोन इंजिनांचे एक लहानसे विमान ढगांत बीजारोपण करण्यासाठी या भागाच्या आकाशात फिरत होते. ते आपल्या तालुक्यावर कधी येणार, याची विचारणा गावोगावी होत होती.

या विचारणेमागे मोठी आशा होती आणि काही गैरसमजही होते. विमान आले म्हणजे पाऊस आला, अशी समजूत झाली की विमान न येणे हा अन्याय वाटू लागतो आणि येऊनही पाऊस न पडणे ही फसवणूक वाटू लागते. म्हणून असे विमान प्रत्यक्षात काय काम करते, ते किती काळ आणि कोणत्या मर्यादेत राबू शकते, त्याच्या कामाचे मोल काय, हे समजून घेणे ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला उपयुक्त ठरेल.

हलके बहुउपयोगी विमान

विमान म्हटले की शेकडो प्रवाशांना नेणारे प्रचंड यंत्र डोळ्यांसमोर उभे राहते. पण विमानांच्या दुनियेत एक कष्टकरी वर्गही आहे. साधारणपणे ५,७०० किलोग्रॅमपर्यंत वजनाची, एक किंवा दोन इंजिनांची, तुलनेने आखूड धावपट्टीवर उतरू शकणारी ही विमाने असतात. आज रुग्ण, उद्या टपाल, परवा सर्वेक्षणाचा कॅमेरा आणि पावसाळ्यात बीजारोपणाची सामग्री, असे कोणतेही काम त्यांच्यावर सोपविता येते. बैलगाडीची साटी बदलून तीच गाडी कधी कडब्याला, कधी कापसाला तर कधी वऱ्हाडाला जुंपावी, तसाच हा प्रकार आहे.

भारतातही या वर्गाची परंपरा जुनी आहे. बंगळूर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यात तयार झालेल्या 'पुष्पक' या दोन आसनी विमानाचे पहिले उड्डाण १९५८ साली झाले. देशातील फ्लाइंग क्लबांमधून अनेक वैमानिकांनी त्यावर पहिले धडे घेतले. त्यापाठोपाठ 'कृषक' आले. नावाने ते शेतकऱ्याचे असले तरी त्याला मुख्यतः सैन्याच्या टेहळणीचे काम मिळाले. खऱ्या अर्थाने शेतीसाठी घडविलेले विमान त्यानंतर आले.

पिकांवरून उडणारे 'बसंत'

हरितक्रांतीच्या काळात पीकसंरक्षणाला महत्त्व आले आणि मोठ्या क्षेत्रावर अल्पावधीत औषध फवारण्यासाठी स्वदेशी विमानाची गरज भासू लागली. १९६८ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने अशा विमानाचा आराखडा हाती घेतला. 'बसंत' असे त्याचे नामकरण झाले आणि सुधारित नमुन्याने ३० मार्च १९७२ रोजी पहिले उड्डाण केले. त्याला ४०० अश्वशक्तीचे एक इंजिन आणि एकच आसन होते. औषधाची टाकी वैमानिकाच्या पुढे बसविलेली होती आणि आसन मुद्दाम उंच ठेवले होते. पिकाच्या शेंड्यावरून उडताना समोरची विजेची तार किंवा झाड वेळीच दिसावे आणि दुर्दैवाने अपघात झालाच, तर टाकीचा भार वैमानिकाच्या अंगावर येऊ नये, हा त्यामागील विचार होता.

हवाई फवारणीचे काम दिसावयास आकर्षक असले तरी अत्यंत कष्टाचे असते. वारा पडलेला असताना, म्हणजे पहाटे किंवा सायंकाळी ते करावे लागते. विमान पिकावरून अवघ्या काही मीटर उंचीवरून जाते, शेताच्या कडेला एकदम वर उचलले जाते, वळते आणि पुन्हा खाली येते. एका सकाळी अशी कित्येक वळणे होतात. प्रत्येक वळणात पंखांच्या सांध्यांवर ताण पडतो, औषधांमुळे धातू गंजतो आणि कच्च्या धावपट्टीवरील धूळ इंजिनात शिरते. प्रवासी विमानाच्या एका तासापेक्षा अशा विमानाचा एक तास कितीतरी अधिक झीज करणारा असतो.

'बसंत' विमाने १९७४ पासून कामास लागली. पण १९८० पर्यंत ३९ विमाने तयार होऊन उत्पादन थांबले. या पद्धतीच्या अडचणी परभणीसारख्या जिल्ह्याकडे पाहिले की चटकन ध्यानात येतात. येथे शेते लहान आहेत. एका बांधाला कापूस तर दुसऱ्या बांधाला तूर किंवा ज्वारी असते. त्यातच विहिरी, गोठे, वस्त्या आणि विजेच्या तारा. ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या विमानाला एकाच्या शेतावर फवारून दुसऱ्याचे शेत वगळणे शक्य होत नाही. सलग शेकडो हेक्टरांवर एकच पीक असलेल्या देशांत जे यंत्र किफायतशीर ठरते, ते विखुरलेल्या धारणक्षेत्रात ठरेलच असे नाही. यंत्राचे आयुष्य त्याच्या धातूइतकेच ते ज्या भूमीवर काम करते त्या भूमीवरही अवलंबून असते.

ढगांकडे वळलेले काम

हलक्या विमानाचे दुसरे काम ढगांशी जोडलेले आहे. १३ नोव्हेंबर १९४६ रोजी अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर या संशोधकाने एका लहान विमानातून ढगावर शुष्क बर्फाचा चुरा टाकला आणि त्या ढगातून हिमकण खाली येऊ लागले. कृत्रिम पर्जन्याच्या आधुनिक प्रयोगांचा हा आरंभ होता.

महाराष्ट्रात या विषयाचे शिस्तबद्ध संशोधन पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केले. १९७३, १९७४, १९७६ आणि १९७९ ते १९८६ अशा अकरा पावसाळ्यांत बारामती परिसरात विमानातून ढगांत मिठाची बारीक पूड सोडण्यात आली. त्यासाठी डाकोटा जातीचे विमान वापरले होते. ज्या क्षेत्रात पेरणी करावयाची ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडले जाई, म्हणजे निष्कर्षात पक्षपात राहू नये. या प्रयोगांत पावसात सुमारे २४ टक्के वाढ आढळली. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट दिसून आली. एक किलोमीटरपेक्षा कमी जाडीच्या, पाण्याचा अंश कमी असलेल्या उथळ ढगांत पेरणी केली, तर ते ढग विरून जाण्याकडे कल होता. कोणताही ढग चालेल असे नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

त्यानंतर २००३ मध्ये राज्यात कृत्रिम पावसाची मोहीम झाली. २०१५ आणि २०१९ मध्ये मराठवाड्यासाठी औरंगाबाद हे केंद्र ठरले. या कामासाठी जगभर ज्या विमानांचा वापर होतो, त्यांत 'किंग एअर' हे नाव ठळक आहे. या मालिकेतील पहिले विमान जानेवारी १९६४ मध्ये उडाले. 'बी-२००' हा त्यातील अधिक मोठा प्रकार २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर येथे पुण्याच्या संस्थेने केलेल्या प्रयोगात वापरला गेला. मूळ रचना अधिकारी व व्यापारी प्रवाशांसाठी झालेले हे विमान पुढे रुग्णवाहिका झाले, सर्वेक्षक झाले आणि ढगांचा पेरकरीही झाले.

कामाचा एक दिवस

पेरणीच्या विमानाचा दिवस रडारच्या पडद्यापासून सुरू होतो. डॉप्लर रडार सुमारे दोनशे किलोमीटरच्या परिघातील ढगांची उंची, त्यांतील थेंबांचे प्रमाण आणि त्यांची वाटचाल दाखवीत असते. सकाळी आकाश बहुधा शांत असते. दुपारी जमीन तापली की कापसाच्या बोंडासारखे पांढरे ढग उमलू लागतात. हवामानतज्ज्ञ त्यांतील वाढणारे ढग हेरतात. हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी मिळाली की विमान उडते.

विमान ढगाच्या काळसर, सपाट तळाशी जाते. तेथे खालून वर जाणारा हवेचा प्रवाह शोधणे हे वैमानिकाचे खरे कौशल्य. तो सापडला की पंखांच्या मागील कडेला बसविलेली नळकांडी, ज्यांना फ्लेअर म्हणतात, ती एकेक करून विजेच्या साहाय्याने पेटविली जातात. त्यांच्या धुरात क्षारांचे अतिसूक्ष्म कण असतात. ते वरच्या प्रवाहाबरोबर ढगात शिरतात, बाष्प शोषून घेतात आणि मोठे थेंब तयार होण्यास मदत करतात. ढगाचा माथा गोठणबिंदूच्या वर चढलेला असेल, तर तेथे सिल्व्हर आयोडाइडचा उपयोग होतो. कारण त्याच्या स्फटिकांची रचना बर्फाच्या स्फटिकांशी मिळतीजुळती असते.

येथे अंतराचा प्रश्न निर्णायक ठरतो. छत्रपती संभाजीनगरपासून परभणीचे हवाई अंतर सुमारे १६५ किलोमीटर आहे. ताशी चारशे किलोमीटर वेगाने गेले तरी विमानाला पोचावयास सुमारे पंचवीस मिनिटे लागतात. उंची गाठण्याचा आणि परवानगीचा वेळ वेगळाच. एका सुट्या पर्जन्यमेघाचे उपयुक्त आयुष्य मात्र पुष्कळदा अर्धा ते पाऊण तास एवढेच असते. जिंतूर किंवा पाथरीवर ढग दिसल्यानंतर विमान निघाले, तर ते पोचेपर्यंत ढगाचे तारुण्य सरलेले असू शकते. म्हणून ढग पुरते वाढण्यापूर्वीच अंदाजाने निघावे लागते आणि त्या भागात घिरट्या घालीत थांबावे लागते. अंदाज चुकला तर फ्लेअर न पेटविताच विमान परतते. गंगाखेड वा पालमच्या शेतकऱ्याला विमान न दिसण्यामागे पुष्कळदा हे साधे अंकगणित असते.

तासांत मोजले जाणारे आयुष्य

माणसाचे वय वर्षांत मोजतात, तर विमानाचे वय उड्डाणाच्या तासांत आणि उतरण्याच्या संख्येत. सांगाडा, इंजिन आणि प्रॉपेलर यांच्या नोंदवह्या स्वतंत्र असतात. प्रत्येक उड्डाणानंतर त्यांत तास-मिनिटांची नोंद होते. ठरावीक तास भरले की तपासणी करावीच लागते. यंत्र सुरळीत चालले आहे, हे कारण त्यासाठी पुरेसे नसते. किंग एअर वर्गातील विमानांच्या टर्बोप्रॉप इंजिनाचा ओव्हरहॉल साधारणतः ३,६०० तासांनी करावा लागतो, म्हणजे ते पूर्णपणे उघडून, भाग तपासून आणि बदलून पुन्हा जोडले जाते. विमान उड्डाणयोग्य असल्याचे प्रमाणपत्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार कायम राखावे लागते.

ढगांतील काम या हिशेबात भर घालते. प्रवासी विमान ढग टाळते. हे विमान त्याच्याच शोधात जाते. ढगाच्या तळाशी हेलकावे बसतात, वर गेल्यास पंखांवर बर्फ साचण्याचा धोका असतो. क्षारांच्या धुराने धातू गंजू नये म्हणून विमान वेळच्या वेळी धुऊन पुसावे लागते. वैमानिकाच्या एका तासामागे जमिनीवर अभियंता, तंत्रज्ञ, इंधन भरणारा, रडार पाहणारा आणि नोंद ठेवणारा यांचे कित्येक तास खर्ची पडतात. नीट निगा राखली तर असे विमान तीस-चाळीस वर्षेही सेवा देते. निगा चुकली तर ते एका पावसाळ्यातच निकामी होऊन पडते.

आणखी एक खर्च सहसा लक्षात येत नाही. तो म्हणजे थांबण्याचा. योग्य ढग नसलेल्या दिवशी विमान हँगरमध्ये उभे असते, पण त्याचे भाडे, माणसांचे वेतन आणि विमा चालूच राहतो. दुष्काळात ढगच नसल्यामुळे नेमका हाच खर्च वाढतो. ज्या वर्षी विमानाची मागणी सर्वाधिक, त्याच वर्षी त्याला काम सर्वांत कमी, अशी ही विसंगती आहे.

हिशेब काय सांगतो?

सोलापूरच्या प्रयोगासाठी २७६ ढग निवडले गेले. त्यांपैकी काहींत पेरणी केली आणि काही तुलनेसाठी तसेच सोडले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अनुकूल परिस्थितीत काही ठिकाणी पावसात सुमारे ४६ टक्के, तर वाऱ्याच्या दिशेकडील १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ दिसून आली. दोन हंगामांत मिळून सुमारे ८६ कोटी ७० लाख लिटर अधिक पाणी मिळाले आणि त्याचा खर्च लिटरमागे १८ पैसे आला. स्वदेशी विमान वापरल्यास हा खर्च निम्म्याहून खाली येऊ शकतो, असेही त्यात नमूद आहे.

हे आकडे परभणीच्या मापाने मोजून पाहावेत. १८ पैशांच्या दराने १०,००० लिटरच्या एका टँकरएवढ्या पाण्याचा खर्च १,८०० रुपये होतो, आणि हे पाणी टँकरप्रमाणे हव्या त्या दारी उभे करता येत नाही. ८६ कोटी ७० लाख लिटर म्हणजे ८ लाख ६७ हजार घनमीटर. जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ८०९ दशलक्ष घनमीटर आहे. त्याच्याशी तुलना करता हे पाणी साधारण हजारातील एका भागाएवढे भरते. दुसरे माप घ्यावयाचे, तर तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा शेततळ्यात दोन हजार घनमीटरहून थोडे अधिक पाणी मावते. म्हणजे सुमारे चारशे शेततळी एकदा भरली, तर तेवढेच पाणी साठते.

यावरून विमान निरुपयोगी ठरते असे नव्हे. कापसाला पात्या-फुले लागण्याच्या किंवा सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली आणि आकाशात योग्य ढग असले, तर त्यांतून पडलेला थोडा अधिक पाऊसही पीक सावरू शकतो. धरणाच्या पाणलोटात पडलेला पाऊस वाया जात नाही. पण विमान ढग निर्माण करीत नाही; असलेल्या ढगातून थोडे अधिक मिळविते. चांगल्या वर्षाला ते हातभार लावू शकते. दुष्काळाच्या वर्षाची जागा भरून काढू शकत नाही. म्हणून ते पाणी नियोजनाच्या शेवटी बसविण्याचे साधन आहे, आरंभी नव्हे.

आकाशातून बांधावर

'बसंत'ला जे साधले नाही, ते काम आज एका वेगळ्या स्वरूपात बांधावर आले आहे. १८ मे १९७२ रोजी परभणी येथे स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने डिजिटल शेतीच्या प्रकल्पात ड्रोन व यंत्रमानव यांच्या वापराचे संशोधन आणि प्रशिक्षण हाती घेतले. साधारण दहा लिटरची टाकी असलेला फवारणीचा ड्रोन एका एकरावर आठ-दहा मिनिटांत फवारणी करतो. लहान शेत, बांधावरचे झाड, शेजारचे वेगळे पीक यांना सांभाळून तो जाऊ शकतो. विषारी औषध पाठीवर घेऊन चिखलात चालण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनी त्याला कायदेशीर चौकट दिली आहे.

तथापि जो नियम मोठ्या विमानाला, तोच या छोट्या यंत्रालाही लागू आहे. त्याच्या बॅटरीचे आयुष्य किती वेळा भारित केली यावर ठरते, पंख्यांची पाती तपासावी लागतात, टाकी आणि नळ्या धुवाव्या लागतात, वारा असेल तर थांबावे लागते आणि चालविणारा प्रशिक्षित असावा लागतो. नोंदवही नसलेला ड्रोन आणि नोंदवही नसलेले विमान हे सारखेच भरवशाबाहेरचे. बचतगट किंवा सहकारी संस्था ड्रोन घेत असेल, तर खरेदीच्या रकमेबरोबरच दुरुस्ती, सुट्या बॅटऱ्या आणि प्रशिक्षण यांची तरतूद पहिल्याच ठरावात असणे इष्ट आहे.

जमिनीवरची तयारी

विमान आकाशात असले तरी त्याच्या कामाचा निकाल जमिनीवरच लागतो. पाऊस किती पडला हे ठरविण्यास पर्जन्यमापकाची अचूक नोंद हाच आधार असतो. महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली आहेत. त्यांभोवती झाडोरा वाढू न देणे, आडोसा होईल असे बांधकाम न करणे, बिघाड दिसताच तालुका कार्यालयास कळविणे, एवढे काम ग्रामपंचायत सहज करू शकते. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक बसवून विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद ठेवविली, तर गणित, भूगोल आणि विज्ञान हे तिन्ही विषय एकाच उपकरणातून शिकविता येतात. विमान पाऊस पाडते की ढग, या प्रश्नाचे उत्तरही मुलांना आपल्याच वहीत शोधता येते.

आणि पडलेला थेंब अडविण्याची व्यवस्था तर सर्वस्वी गावाच्याच हाती आहे. नाल्यातील गाळ काढलेला असेल, बांध शाबूत असतील, शेततळ्याचे अस्तर फाटलेले नसेल, तर पाऊस निसर्गाने पाडलेला असो वा विमानाच्या साहाय्याने वाढलेला असो, तो गावात राहील. हे नसेल, तर दोन्ही प्रकारचा पाऊस सारख्याच वेगाने गोदावरीत जाईल.

लहान विमानाची थोरवी त्याच्या आवाजात किंवा वेगात नसून, मर्यादा ओळखून नेमून दिलेले काम तासामागून तास चोख करण्यात आहे. ते उडते तेव्हा त्याच्यामागे नोंदी, तपासण्या आणि अनेक अनामिक हातांची शिस्त असते. तीच शिस्त गावाच्या पाण्याच्या हिशेबात आली, तर पुढच्या पावसाळ्यात गावकरी विमानाची वाट पाहण्याआधी आपल्या शेततळ्याकडे पाहतील. आणि विमान आलेच, तर त्याने आणलेला पाऊस साठविण्याची गावाची तयारी झालेली असेल.